पडद्यावर आपलं घर कुठं आहे?



या सदरात आपण एखादा सिनेमा नाहीतर मालिका घेतो आणि मनात आलं ते मोकळेपणानं बोलतो. या वेळी एकाच सिनेमावर थांबून भागणार नाही. प्रश्नच तसा आहे.

दिवसभर राबून, स्वयंपाक-पाणी आटोपून आपण टीव्हीपुढं बसतो. घाटनांदूरच्या घराघरांत हेच चालतं. ऊसतोडीला गेलेली आपली माणसंसुद्धा कोपीत मोबाईल मध्ये ठेवून भोवती बसतात. एवढा वेळ आपण पडद्याला देतो. त्या बदल्यात पडद्यावर आपलं घर किती वेळा दिसतं? भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे, आई मजुरीवरून आली आहे, पोरगी दहावीचा अभ्यास करते आहे, आणि घरात कुणी मेलेलं नाही, कुणाला मार बसलेला नाही, साधा रुसण्या-हसण्याचा दिवस चालला आहे. रोज रात्री लागणाऱ्या मराठी मालिकांत असं घर निदान माझ्या तरी पाहण्यात आलेलं नाही.

जुन्या सिनेमांपासून बघू. आपल्या गावात स्टेशन असल्यामुळं रेल्वेचं फाटक आपल्याला नवं नाही. 1936 सालच्या ‘अछूत कन्या’ची नायिका कस्तुरी ही फाटकवाल्याचीच मुलगी. देविका राणीनं ती भूमिका केली. तिचं प्रेम ब्राह्मणाच्या मुलावर, तो अशोक कुमार. शेवटी काय होतं? कस्तुरी गाडीखाली जाते. पुढं 1959 साली बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ आला. नूतनचं काम इतकं सुंदर की डोळ्यांतून पाणी यावं. पण गोष्ट काय सांगते? सांभाळणारी आई सुजाताला आपली म्हणते कधी, तर सुजाताचं रक्त तिच्या अंगात चढल्यावर. हे सिनेमे काढणाऱ्यांचा हेतू चांगला होता, हे मान्य. त्या काळात एवढं बोलायलाही धाडस लागत होतं. तरीही मला विचारावंसं वाटतं, की पोरीला माणूस म्हणवून घ्यायला आधी जीव नाहीतर रक्त का द्यावं लागावं?

आता बाबासाहेबांवरचे सिनेमे आणि मालिका. डॉ. जब्बार पटेल यांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ 2000 साली आला. मल्याळी नट मामूटी यांनी बाबासाहेब उभे केले आणि त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सोनाली कुलकर्णी रमाई झाल्या होत्या. सिनेमा अभ्यासानं केलेला आहे, उगाच आरडाओरडा नाही. पण मूळ सिनेमा इंग्रजीत! ज्या म्हाताऱ्यांनी बाबासाहेबांसाठी पायपीट केली, त्यांना तो कळावा कसा?

ती उणीव 2019 साली भरून निघाली. त्या वर्षी बुद्ध पौर्णिमेला, 18 मे रोजी, स्टार प्रवाहवर ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर - महामानवाची गौरवगाथा’ ही मालिका सुरू झाली आणि 2020 पर्यंत चालली. सागर देशमुख बाबासाहेब झाले, शिवानी रांगोळे रमाई झाल्या. मराठीत, रोजच्या वेळेला, आपल्या घरात. या मालिकेनं मोठं काम केलं. पुस्तकाला हात न लावणारी पोरं महाडचं नाव विचारायला लागली. पण कौतुक करताना खटकलेलंही सांगितलं पाहिजे. बाळ भीमराव काही बोलला की मागं ढोल-नगारे, वारा सुटलेला, सगळे डोळे विस्फारून बघतायत. अशानं पोरांना वाटतं, हा माणूस जन्मालाच वेगळा आला होता, आपल्याला हे जमणार नाही. बाबासाहेबांचं मोठेपण रात्र-रात्र जागून केलेल्या अभ्यासात आहे. चमत्काराचं संगीत लावलं की अभ्यास दिसेनासा होतो.

मग नागराज मंजुळे आले. ‘फँड्री’ 2014 साली थिएटरांत लागला. त्यातला जब्या कैकाडी समाजाचा, डुकरं धरणाऱ्या घरातला. दोन दृश्यं विसरता येत नाहीत. डुक्कर हाताशी आलेलं असतं आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं, डुक्कर निघून जातं. दुसरं दृश्य, डुक्कर काठीला बांधून घरची माणसं नेत असतात आणि मागं शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई यांची चित्रं. कुणी एक शब्द बोलत नाही. भिंतीवर चित्र काढणं सोपं, त्या भिंतीपुढून जाणाऱ्या पोराची मान ताठ राहील असं गाव करणं अवघड. शेवटी जब्या दगड मारतो तो थेट आपल्या तोंडावर येतो. काही जणांना तो शेवट आवडला नाही. मला वाटतं, तो दगड बसायलाच पाहिजे होता.

‘सैराट’ 29 एप्रिल 2016 ला लागला. गाण्यांवर अख्खा महाराष्ट्र नाचला, आपल्या हळदीतही ती वाजली. आर्चीसारखी बुलेट चालवणारी पोरगी पाहून आपल्या मुलींना हुरूप आला, ही फार चांगली गोष्ट. मात्र शेवटची काही मिनिटं, जिथं एकही आवाज नाही आणि लहानग्याच्या पायांचे लाल ठसे उमटत जातात, ती पोरांच्या लक्षात राहिली का? सिनेमा लागण्याच्या बरोबर दोन वर्षं आणि एक दिवस आधी, 28 एप्रिल 2014 रोजी, आपल्या बीड जिल्ह्याच्या शेजारी, जामखेड तालुक्यातल्या खर्डा गावात नितीन आगे या सतरा वर्षांच्या आपल्या मुलाला मारून टाकलं होतं. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो, एवढंच निमित्त. खटला चालला, साक्षीदार फिरले, आणि 2017 साली नगरच्या न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. त्यामुळं सैराटचा शेवट ‘उगाच दुःखाचा केला’ असं कुणी म्हणालं की मी खर्ड्याचं नाव घेते. पुढं 2018 साली याच सिनेमाचा हिंदीत ‘धडक’ झाला. गोष्ट उदयपूरच्या महालांत गेली आणि जात कुठल्या कुठं पातळ झाली. भाजीतलं मीठच काढून घेतलं तर राहतं काय?

‘कोर्ट’ हा चैतन्य ताम्हाणे यांचा सिनेमा 2015 साली लागला. नारायण कांबळे नावाच्या लोकशाहीरावर खटला आहे, की तुझं गाणं ऐकून गटार साफ करणाऱ्या कामगारानं जीव दिला. खरं सांगते, आमच्या घरी निम्मे लोक मध्येच झोपले. सिनेमा फार संथ आहे. पण कोर्टाच्या तारखांवर खेटे घातलेल्या माणसाला विचारा, तो म्हणेल हेच खरं आहे. शाहिराचं काम नागपूरचे विरा साथीदार यांनी केलं. ते स्वतः चळवळीतले कार्यकर्ते होते. 2021 साली कोरोनानं त्यांना नेलं.

आता एक हिशेब मांडा. पडद्यावर आपण दोनच रूपांत येतो. एक तर महामानव म्हणून, नाहीतर मार खाणारा म्हणून. या दोन्हींच्या मध्ये आपण लाखो माणसं जगतो. पोरीला नर्सिंगला घालतो, बचत गटाचे हप्ते फेडतो, जयंतीला नवे कपडे घेतो, नणंदा-भावजया भांडतो. हे कुठं आहे? रोजच्या मालिकेत घर बंगल्यासारखं, आणि आपल्यासारखी बाई दिसलीच तर भांडी घासायला. तिला आडनाव नाही, घर नाही, नुसती ‘मावशी’.

आणि याच मालिकांतून मागच्या दारानं दुसरंही काहीतरी घरात येतं. वटपौर्णिमेला महाएपिसोड, मंगळसूत्र तुटलं की नवऱ्यावर संकट, उपास केला की दवाखान्यातला माणूस डोळे उघडतो. लहान पोरगी विचारते, ‘आई, आपण का नाही करत?’ 14 ऑक्टोबर 1956 ला ज्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यांच्या नातवंडांचा हा प्रश्न आहे. पोरीला ‘गप बस’ म्हणून भागणार नाही. टीव्ही बंद करूनही भागणार नाही, ती शेजारी जाऊन बघेल. तिला जवळ बसवून, आपण हे का सोडलं ते समजावून सांगावं लागेल. तेवढं आपल्याला सांगता आलं पाहिजे.

अगदीच अंधार आहे असंही नाही. मंजुळेंच्या 2022 सालच्या ‘झुंड’मध्ये वस्तीतली भीमजयंती आहे. पोरं नाचतायत, आणि खुद्द अमिताभ बच्चन बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं हात जोडतात. सिनेमा लांबला आहे, अर्धा तास कापला असता तरी चाललं असतं. पण ती जयंती बघताना वाटलं, हा आपला आनंद आहे, कुणाच्या दयेचा विषय नाही. तसंच 2023 साली ‘मेड इन हेवन’ या हिंदी वेब मालिकेच्या एका भागात राधिका आपटे यांची नायिका हट्टानं बौद्ध पद्धतीनं लग्न करते. तो भाग नीरज घायवान यांनी केला. नवरी प्राध्यापक, परदेशात शिकलेली, थाट मोठा. आपल्या विहारापुढच्या मांडवातलं लग्न ते नव्हे. पण पांढऱ्या साडीतली हसणारी नवरी पडद्यावर आली, हे काही थोडं नाही.

मग आपण काय करायचं? मला सुचतं ते एवढंच. मालिका पोरांबरोबर बसून बघा आणि संपल्यावर विचारा, ‘यात कष्ट करणारं कोण होतं? त्याला नाव होतं का?’ रविवारी वंदनेनंतर विहारात दहा मिनिटं यावर बोला. चांगला सिनेमा लागला तर अंबाजोगाईला, लातूरला जाऊन तिकीट काढून बघा. चोरून मोबाईलवर आलेला बघू नका, कारण तिकिटाचा पैसा गेला नाही तर पुढचा सिनेमा निघत नाही. आणि ज्यांची पोरं लिहितात, नाटक करतात, मोबाईलवर छोट्या फिल्म काढतात, त्यांना ‘हे काय धंदे’ म्हणून हिणवू नका. आपल्या चुलीची गोष्ट आपल्याच घरातलं पोर सांगेल. बाहेरचा कितीही भला असला तरी त्याला आपलं रडणं लवकर दिसतं, हसणं उशिरा.

तुमच्या पाहण्यात आपलं घर नीट दाखवणारी मालिका किंवा सिनेमा आला असेल, तर जरूर कळवा. मी आनंदानं बघेन, आणि आवडला नाही तर तसं सांगेनही.

आपली,
एक प्रेक्षक भगिनी, घाटनांदूर (ता. अंबाजोगाई, जि. बीड)