वाडीला पाणी आले तर थांबा

कोकणातल्या पुष्कळ घरांतले कुणी ना कुणी मस्कतला नोकरीला असते. घरची मंडळी भेटीला जातात आणि भाड्याची गाडी घेऊन फिरतात. गेल्या हिवाळ्यात आम्हीही भाच्याकडे गेलो होतो. तिथे जे शिकलो ते सांगतो.

निघण्यापूर्वी आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. ओमानात गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. पेट्रोल पंपावरून रिकाम्या रस्त्यावर येताना हात सवयीने डावी बाजू धरतो. शेजारी बसणाऱ्याने प्रत्येक वळणावर आठवण करावी.

जबल अखदरला फोर-व्हील ड्राइव्ह गाडीच लागते. बिरकत अल मौजला पोलीस ती पाहूनच वर सोडतात. खरी परीक्षा उतरताना. सुमारे २००० मीटरवरून येताना सतत ब्रेक दाबला तर ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर दगा देतात. गाडी खालच्या गिअरमध्येच उतरवा. आपल्या घाटांचाही नियम हाच.

मस्कतहून सूरला जाताना डावीकडे समुद्र, उजवीकडे डोंगर. आपल्याकडे वाडी म्हणजे वस्ती. तिथे वाडी म्हणजे कोरड्या नदीचे पात्र. आपल्या डोक्यावर ऊन असते, पाऊस दूर डोंगरात पडतो आणि बघता बघता वाडी भरून वाहू लागते.

एका आडरस्त्यावर असे पाणी आडवे आले. गुडघाभरही वाटत नव्हते. पलीकडे नातेवाइकांकडे दावत होती. आम्ही म्हणालो, "काढ रे गाडी, आम्ही सावित्रीचे पूर बघत वाढलो."

भाच्याने किल्ली काढून खिशात टाकली. "मामू, २०१६ चा महाडचा पूल विसरलात? एवढ्या पाण्यातही गाडी वाहून जाते. शिवाय वाहत्या वाडीत गाडी घालणं इथे गुन्हा आहे."

आम्ही गाल फुगवून बसलो. असरची नमाज रस्त्याकडेला झाली, मगरिबचीही तिथेच. पाणी ओसरल्यावर गाडीच्या दिव्यांत दिसले, पलीकडचा अर्धा रस्ता खचून गेला होता. कुणी काही बोलले नाही. गाडी वळवली आणि दावतवाल्यांना फोन केला.

तेव्हा पोलिसांचा ९९९९ हा नंबर फोनमध्ये ठेवा, पाण्याच्या बाटल्या जास्तीच्या घ्या आणि वाडी वाहत असेल तर गाडी मागेच थांबवा. वाहनाची दुआ पढून निघतोच आपण. सबरही सोबत घ्यावा. आणि गाडी तरुणाच्या हातात असली, तर वडीलकीच्या जोरावर त्याला घाई लावू नये. त्या दिवशी भाच्याने आमचे ऐकले नाही, अल्हम्दुलिल्लाह.