उचललेल्या चित्रांचे मोल

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात दुसऱ्याची वस्तू सुटी करून तिच्यापासून शिकणे कोणी गैर मानत नाही. इटलीच्या पिआज्जिओ कंपनीशी बजाज ऑटोचा असलेला करार १९७१ साली संपला आणि पुढल्याच वर्षी आकुर्डीहून ‘चेतक’ निघाली; तिची घडण वेस्पाचीच होती आणि मध्यमवर्गाने तिच्यासाठी वर्षानुवर्षे नंबर लावले. आज याच परिसरातील संगणकाचे विद्यार्थी प्रचलित व्हिडिओ गेमच्या फायली उकलून त्यांतील पात्रे, शस्त्रे, पार्श्वभूमी काढून घेतात व आपल्या खेळात बसवतात. त्यांनाही हाच न्याय लावावा काय?

माझ्या मते तो लावता येणार नाही. नमुना वेस्पाचा असला तरी प्रत्येक चेतकसाठी पत्रा दाबावा लागे, इंजिन जुळवावे लागे, कामगाराला वेतन द्यावे लागे. चित्राचा सारा खर्च मात्र पहिल्या प्रतीवर होतो. दुसरी प्रत जवळजवळ फुकट पडते. म्हणूनच स्वतःची कसलीही भर न घालता मूळ चित्रकाराच्या श्रमाचे मोल बुडवणे येथे सहज शक्य होते.

कायद्यानेही हा भेद मानला आहे. यंत्राच्या भागाचे डिझाइन नोंदले तर त्यास फार तर १५ वर्षे संरक्षण मिळते. चित्राला कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. ही मुदत अवाजवी आहे, असे माझ्यातला अर्थशास्त्राचा शिक्षक म्हणेल. विक्रीतून केव्हाच गेलेल्या खेळाची चित्रे दोन पिढ्या कुलपात ठेवून कोणाचे हित साधते? तथापि कालचाच खेळ उकलणाऱ्याला हा युक्तिवाद उपयोगी नाही. खासगी अभ्यासासाठी वाजवी वापर करण्याची सवलत १९५७ च्या कायद्यात आहेच. विक्रीस काढलेल्या खेळाला ती लागू होत नाही.

‘डूम’ या १९९३ च्या अमेरिकन खेळाचा प्रोग्राम त्याच्या निर्मात्यांनी १९९७ साली सर्वांना खुला केला. चित्रे व ध्वनी मात्र राखून ठेवले. त्यावर काही हौशी मंडळींनी ‘फ्रीडूम’ या नावाने भिंती, राक्षस, हत्यारे सारे नव्याने चितारले आणि कोणालाही वापरू दिले. कष्टाचे काम; पण त्यातून चित्रकारही तयार झाले असतील.

आपल्या महाविद्यालयांत प्रकल्प-अहवालाचा मजकूर उतरवलेला आहे काय, हे तपासले जाते. चित्रे कोठून आली हे क्वचितच विचारले जाते. प्रत्येक चित्राचा उगम व परवाना अहवालात नोंदवण्याची सक्ती येत्या सत्रापासूनच करता येईल. त्यासाठी विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही.