पुतळ्याखाली मूर्तिकाराचे नाव का नाही?

संसदेच्या आवारातील बाबासाहेबांचा पुतळा २ एप्रिल १९६७ रोजी उभा राहिला. त्याचे फोटो आपण असंख्य वेळा पाहिले. पण तो कोणी घडविला, असे विचारले तर चळवळीतले जुने कार्यकर्तेही गप्प होतात. बी. व्ही. वाघ हे त्या शिल्पकाराचे नाव.

आपल्या गावोगावच्या पुतळ्यांची कथा वेगळी नाही. कोनशिलेवर उद्घाटक असतो, अध्यक्ष असतो, नगरसेवक असतो, देणगीदारांची यादी असते. ज्याने महिनोन्‌महिने माती मळली तो मात्र नसतो.

या चुकीत मीही सामील आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या समितीने फायबरचा पुतळा करायला दिला. मूर्तिकाराने सव्वा लाख सांगितले. "दादा, समाजाचे काम आहे" म्हणत आम्ही त्याला नव्वद हजारांवर आणले. युक्तिवाद माझाच होता, वकील ना मी! मातीच्या प्रतिकृतीला कला संचालनालयाची मान्यता लागते, तेथील बदल वेगळे आणि आमचे वेगळे. कोणी म्हणे चष्मा मोठा करा, कोणी म्हणे बोट आणखी वर हवे. प्रत्येक बदलाला त्याचे दिवस गेले, दर तोच राहिला. साचा, फायबर, मदतनीसांची मजुरी, टेम्पो यातून त्याच्या हाती काय उरले, हे आम्ही विचारलेही नाही. साऊंडवाल्याला मात्र त्याच रात्री रोख पैसे दिले. मूर्तिकाराने शेवटच्या दहा हजारांसाठी चार खेपा घातल्या. त्याने मागच्या बाजूला, कोटाच्या कडेखाली बारीक अक्षरांत आपले नाव कोरले होते. पुढे रंगकाम करताना आमच्याच एका उत्साही कार्यकर्त्याने ते लांबी भरून बुजविले.

हे बलुते नव्हे तर काय? राबणाऱ्याने दर सांगायचा नाही, गाव देईल ते पदरात घ्यायचे. याच व्यवस्थेविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात महार वतनाचे बिल आणले. पुढे १९५८ च्या कायद्याने ती वतने गेली. वतन गेले, पण आपल्या कलावंताशी बोलताना आपली जीभ अजून वतनदाराचीच!

वामनदादा कर्डकांनी आपल्या गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात नाव गुंफले. गाणारा कोणीही असो, ते नाव काढले तर ओळच मोडते. मूर्तिकाराला ही सोय नाही, त्याची सही एका ब्रशात पुसते. म्हणून त्याला कायदा माहीत हवा.

कॉपीराइट कायदा १९५७ चे कलम ५७ सांगते की हक्क विकले तरी कर्ता म्हणून नाव सांगण्याचा आणि कृतीची मोडतोड रोखण्याचा अधिकार कलावंताकडेच राहतो. अमरनाथ सेहगल यांचे विज्ञान भवनातील भव्य कांस्यशिल्प सरकारने १९७९ मध्ये काढून टाकले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ते शिल्प परत करायला लावून पाच लाखांची भरपाई दिली. समोर साक्षात भारत सरकार होते, हे लक्षात घ्या.

मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, काम देणाऱ्याचा होतो. कलम १७ च्या या तरतुदीत शिल्पाचा उल्लेख नाही. म्हणजे स्वतंत्रपणे काम करणाऱ्या मूर्तिकाराकडून समिती पुतळा विकत घेते, त्याच साच्यातून आणखी दहा काढण्याचा हक्क नव्हे. तो हवा असेल तर लेखी घ्यावा लागतो आणि मुदत लिहिली नसेल तर तो पाच वर्षांपुरताच. गीतकारांसाठी २०१२ ची दुरुस्ती महत्त्वाची आहे. त्यांचा रॉयल्टीतला समान वाटा कंपनीला लिहून देता येत नाही, दिला तरी तो करार टिकत नाही. आपल्या किती गीतकारांना हे ठाऊक आहे?

गेल्या वर्षी दुसऱ्या एका समितीचा करार मी लिहिला. एकच पान. साहित्याचा खर्च वेगळा, कलेचा मोबदला वेगळा. दोन बदल फुकट, तिसऱ्यापासून पैसे. अनावरणाआधी पूर्ण रक्कम. चौथऱ्यावर मूर्तिकाराचे नाव, उद्घाटकाच्या नावाएवढ्याच अक्षरांत. यावर एक सदस्य उसळले, "त्याचे नाव कशाला? तो पैसे घेतोच की!"

मी म्हटले, "साहेब, उद्घाटकालाही आपण गाडीभाडे देतोच."