१८६९ : दोन शिवकाव्ये आणि कथाकाव्याचा श्रोता

आधुनिक मराठी कथाकाव्याचा विचार इंग्रजी आदर्शापासून सुरू करण्याची प्रथा रूढ आहे. महादेव मोरेश्वर कुंटे (१८३५-१८८८) यांचे 'राजा शिवाजी' याच चौकटीत अभ्यासले जाते. अध्यापक आणि दर्शनांचे अभ्यासक असलेल्या कुंट्यांनी १८६९ पासून हे दीर्घकाव्य प्रसिद्ध केले. संस्कृतप्रचुर शब्दकळा टाळून त्यांनी वीरकाव्यात बोलीतील शब्द योजले; मात्र या भूमिकेचे समर्थन केले ते इंग्रजी प्रस्तावनेत. काव्याची भाषा एका वाचकासाठी आणि तिचे मंडन दुसऱ्यासाठी, ही विसंगती अर्थपूर्ण आहे.

त्याच १८६९ मध्ये जोतीराव फुले यांचा शिवाजीराजांवरील पवाडा प्रसिद्ध झाला. कुणबी, माळी, महार, मांग यांच्या उपयोगी पडावा म्हणून अवजड संस्कृत शब्द टाळल्याचे फुल्यांनी स्पष्ट केले आहे. नायक एक, वर्ष एक, भाषाविषयक आग्रहही जवळचा. तरीही कुंट्यांची नोंद काव्येतिहासात आणि फुल्यांची मुख्यतः समाजसुधारणेच्या इतिहासात होते. ही विभागणी वाङ्मयीन निकषांवर टिकणारी नाही.

इंग्रजी आदर्शाचाच दाखला घ्यावयाचा तर वॉल्टर स्कॉटचे उदाहरण बोलके आहे. त्याने १८०२-०३ मध्ये सीमाप्रदेशातील लोककथागीते संकलित केली. 'द ले ऑफ द लास्ट मिन्स्ट्रेल' हे त्याचे कथाकाव्य त्यानंतर, १८०५ मध्ये आले. मराठीत हा क्रम उलटा झाला. ॲकवर्थ आणि शाळिग्राम यांचा पोवाड्यांचा संग्रह १८९१ मध्ये, म्हणजे 'राजा शिवाजी'नंतर बावीस वर्षांनी निघाला. कुंट्यांनी बोलीतील शब्द घेतले. शाहिराचा श्रोता मात्र त्यांच्या हाती आला नाही. फुल्यांनी रचनाप्रकारच शाहिरांकडून घेतला.

शिवनेरी ज्या जुन्नर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील बेल्हे हे बैलबाजारासाठी प्रसिद्ध असलेले गाव. दोन्ही कवींना अभिप्रेत असलेली बोली अशाच बाजारात बोलली जाते. तेथील श्रोत्यांसमोर ही दोन्ही काव्ये मोठ्याने वाचली, तर कुंट्यांचे शब्द ओळखीचे वाटतील, पण एवढ्या दीर्घ रचनेचा सूर परका वाटण्याचा संभव आहे. पवाड्याला ही अडचण पडू नये.

म्हणून पदव्युत्तर वर्गांत ही दोन काव्ये शेजारी ठेवून शिकविली जावीत. यात कुंट्यांचे अवमूल्यन नाही. त्यांचा प्रयोग कोठे थांबला हे फुल्यांच्या सान्निध्यातच कळते. आणि फुल्यांच्या पवाड्यातील कवित्वाची दखल घेण्याचे दीर्घकाळ टाळलेले कामही त्यामुळे सुरू होईल.