सलग तीन तारखा आणि वहीतला ‘क्ष’

सातवी-आठवीत बीजगणित सुरू झालं की एक प्रश्न हमखास समोर येतो: ‘तीन क्रमागत पूर्णांकांची बेरीज ७२ आहे, तर त्या संख्या कोणत्या?’ तुमचं मूल इंदूर, बडोदा किंवा बंगळुरूच्या इंग्रजी शाळेत असेल, तर त्याच्या पुस्तकात ‘कॉन्सेक्युटिव्ह इंटिजर्स’ असं लिहिलेलं असेल. नाव भारदस्त आहे, अर्थ साधा: मध्ये एकही न गाळता पाठोपाठ येणाऱ्या पूर्णांक संख्या.

बरीच मुलं थोडी खटपट करून २३, २४, २५ हे उत्तर तोंडीच सांगतात. पण ‘आता समीकरण मांड’ म्हटलं की पेन थांबतं. आपल्याला गणित येत नाही, असं मुलांना वाटायला लागतं ते बहुतेकदा इथेच. खरं तर उत्तर त्यांना आलेलं असतं, अडलेलं असतं फक्त ते लिहिणं.

यावर उपाय भिंतीवर टांगलेला आहे. कॅलेंडरमधल्या कोणत्याही सलग तीन तारखा मुलाला मनात धरायला सांगा आणि फक्त बेरीज विचारा. तो ‘४५’ म्हणाला, तर तिला ३ ने भागा. १५ आले, म्हणजे तारखा १४, १५, १६. दोन-तीनदा जमलं की ‘कसं ओळखलंस?’ हा प्रश्न तोच विचारेल. आधीची तारीख मधलीपेक्षा १ ने कमी, नंतरची १ ने जास्त. कमी-जास्त फिटलं, उरली मधलीची तिप्पट.

आता हेच वहीत उतरवा. मधली संख्या ‘क्ष’ मानली, तर तिन्ही संख्या क्ष − १, क्ष, क्ष + १. बेरीज ३क्ष = ७२, म्हणून क्ष = २४. पुस्तकात सहसा पहिली संख्या क्ष धरतात: क्ष, क्ष + १, क्ष + २. मग ३क्ष + ३ = ७२ आणि क्ष = २३. दोन्ही रीती बरोबर. मला मधलीपासूनची सुटसुटीत वाटते, फक्त ‘मधली संख्या क्ष मानू’ ही ओळ आधी लिहायला हवी.

गोंधळ होतो तो सम-विषम संख्यांत. क्रमागत सम संख्या क्ष, क्ष + २ अशा लिहायच्या हे पटतं, पण विषम संख्यांनाही + २ कसं? ७ नंतरची विषम संख्या ९, अंतर दोनच. संख्या सम की विषम हे क्ष ठरवतो, पुढचा २ नाही.

ऋण संख्यांसाठी मॉलची लिफ्ट आठवा. तळघराच्या −३ वरून वर निघालं की पुढचा मजला −२ येतो, −४ नाही. म्हणून बेरीज −१२ असेल, तर चढत्या क्रमाने उत्तर −५, −४, −३.

आणि एक गंमत. दोन क्रमागत पूर्णांकांची बेरीज ४६ दिली, तर क्ष = २२.५ येतो. मूल लगेच खोडरबर शोधतं. त्याला थांबवा. आकडेमोड बरोबरच आहे, अशा दोन संख्याच नाहीत! पाठोपाठच्या दोन संख्यांत एक सम आणि एक विषम असते, त्यामुळे बेरीज कायम विषमच येणार. प्रश्नच चुकीचा असू शकतो, हे कळल्यावर मुलांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आज जेवताना घरात सगळ्यांनाच विचारा: पाच क्रमागत पूर्णांकांची बेरीज शून्य होऊ शकते का? आणि चारांची?