सुरगाठ आणि निरगाठ

मराठीतल्या राबत्या क्रियापदांची पंगत मांडली, तर 'बांधणे' या शब्दाला पाटावर बसायला सवड मिळणार नाही. तो बिचारा वाढतच राहील. आम्ही बैल बांधतो, फेटा बांधतो आणि घरही बांधतो. शिदोरी बांधतो, अंदाज बांधतो, मनाशी खूणगाठ बांधतो. लग्नात मुंडावळ्या बांधतो आणि लग्नाचे कर्ज झाले की फेडण्यासाठी कंबर बांधतो. दिवाळी आली की दाराला तोरण बांधतो. इतके सगळे एकाच शब्दाच्या गळ्यात घातलेले पाहून कोणाला वाटेल की या भाषेत दुसरा शब्दच नाही. आणि असे वाटणारे लोक आहेत. त्यांतले काही माझ्याकडे शिकायला येतात!

मी राहतो उंद्रीला. बुलढाणा जिल्ह्यात, चिखली तालुक्यात हे गाव आहे. मुलूख कापसाचा, आणि अलीकडे सोयाबीनचा. संध्याकाळी गावातली चार-सहा मुले इंग्रजीसाठी माझ्या ओसरीवर बसतात. परीक्षेत समानार्थी शब्द विचारतात, म्हणून त्यांच्या गाइडात यादी असते. त्या दिवशी पाठ चालला होता 'फासन' या शब्दाचा. लिहिताना त्यात 'टी' असतो, बोलताना नसतो. म्हणून मुले 'फास्टन' म्हणत होती. मी म्हटले, ''फास आठवा, चुकणार नाही.'' फास आणि फासन यांचे नातेगोते काही नाही. पण परीक्षेपुरती सोयरीक चालते. पुढे यादी होती: टाय, बाइंड, फिक्स, अ‍ॅटॅच, सिक्युअर.

एक पोरगा म्हणाला, ''सर, सगळ्याचा अर्थ एकच हाय, तं मंग सहा शब्द कायले पाठ कराचे?''

प्रश्न बिनतोड होता. मी उत्तर दिले नाही, उलट विचारले, ''तुमच्या घरी बैल कशाने बांधतात?''

''दाव्यानं.''

''आणि औताला कशाने बांधतात?''

सगळी पोरे हसली. ''औताले बांधत नसतात सर, जुपतात!''

मग काय, फळ्यावर यादीच झाली. बैल दाव्याने बांधायचा, पण औताला जुंपायचा. नाकात वेसण घालायची, हाती कासरा धरायचा. कडब्याची पेंढी आळ्याने बांधायची. पोत्याचे तोंड दाभण-सुतळीने शिवायचे. दाराला कडी लावायची, रात्री आतून अडसर घालायचा. कागद टाचायचा, तिकीट डकवायचे, पदर खोचायचा, नाव नांगरायची, गाडीवरचा माल दोराने आवळायचा आणि चोर सापडला तर खांबाला जखडायचा. दहा मिनिटांत फळा भरला. ज्या मुलाला सहा शब्द जड जात होते, त्याच्याच तोंडून पंधरा निघाले होते, आणि त्यांतला एकही त्याने पाठ केलेला नव्हता.

आता इंग्रजीकडे वळू. इंग्रजी 'बाइंड' आणि आपले 'बांधणे' हे चुलत भाऊ आहेत. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे सांगितले की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मुळातून निघाल्या असाव्यात. पुढे पंडितांनी जी कुळी जुळवली, तीत संस्कृत 'बन्ध्' आणि इंग्रजी 'बाइंड' एकाच घरचे निघाले. फारसीही त्याच घरची. आपण ज्याला 'बंदोबस्त' म्हणतो, त्या फारसी शब्दातले 'बंद' आणि 'बस्त' हे दोन्ही तुकडे बांधण्याचेच. बंदोबस्त म्हणजे मुळात बांधाबांध! बैलाच्या मानेवरचे 'जू' आणि इंग्रजी 'योक' हेही सगोत्र. म्हणजे आमच्या पोराला जे इंग्रजी अवघड वाटते, त्याचे काही भाऊबंद गोठ्यात केव्हाचे बसलेले आहेत.

'सिक्युअर'ची कथा वेगळी. तो लॅटिनमधून आला. त्याचा मूळ अर्थ 'काळजीवाचून'. तेव्हा कडी घालणे हे 'फासन' झाले. पण कडी घालून, कुलूप लावून, ते दोनदा ओढून पाहून माणूस बिनघोर झोपला, की ते 'सिक्युअर'. आणि 'अ‍ॅटॅच' म्हणजे एकाला दुसरे जोडणे खरे; पण कोर्टाच्या कागदात तोच शब्द आला तर त्याचा अर्थ जप्ती! गाइडात मात्र हे सारे एका ओळीत, खांद्याला खांदा लावून उभे.

मग यांतला फरक ओळखायचा कसा? मला जी किल्ली सापडली ती कोशात नव्हे, गोठ्यात. बांधण्याच्या शब्दाला विचारावे, 'तू सुटतोस कसा?' सुरगाठ एका झटक्यात सुटते. निरगाठ नखे मोडली तरी सुटत नाही. जाणता शेतकरी दाव्याला सुरगाठच मारतो. ती ओढली की आवळते, पण मोकळे टोक खेचले की जनावर मोकळे. गोठ्याला आग लागली, तर अंधारात, धुरात, बिथरलेल्या जनावराच्या गळ्याशी निरगाठ सोडत कोण बसणार? तिथे दोन शब्दांतला फरक म्हणजे एका बैलाचा जीव असतो. समानार्थी म्हणून एकाच्या जागी दुसरा ठेवून चालत नाही.

हीच किल्ली पुढे लावून पाहा. खामगावला १८७० साली जलंबहून रेल्वेचा फाटा आला, तो कापसासाठी. आजही सरकी काढलेली रुई यंत्रात दाबतात, पट्ट्यांनी आवळतात आणि त्या १७० किलोच्या गठ्ठ्याला 'गाठ' म्हणतात. गंमत अशी की या गाठीत गाठ कुठेच नसते. ती सोडता येत नाही. पट्टी तोडावी लागते. 'टाय' सोडता येतो, शिवलेले उसवावे लागते, डकवलेले निघताना फाटते. 'बाइंड' केलेला माणूस तर शब्दाने बांधलेला, म्हणजे आपल्या भाषेत बांधील. तो दोरी कापून सुटत नाही. त्याच 'बाइंड'च्या घरचा 'बॉण्ड'. कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या वेठबिगाराची ती निरगाठ कायद्याने तोडायला आपल्या देशात १९७६ साल उजाडले.

आणि दोर वळणाऱ्यांचे काय? त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' १९१५ साली निघाले. त्या गावगाड्यात दोर वळण्याचे काम मांगाकडे असे. ज्यांनी साऱ्या गावाला दावी-कासरे पुरवले, त्यांना गावाने बलुत्याला जखडले आणि शिवेपाशी ठेवले. ती गाठ सुटली, तर हळहळ कोणी करू नये.

हळहळ आहे ती निराळ्या गोष्टीची. 'महागाईला आळा', 'खर्चाला वेसण', 'पक्ष अमक्याच्या दावणीला', 'गळ्यात लोढणे' अशी वाक्ये वर्तमानपत्रात रोज दिसतात. सारी गोठ्यातून आली. मोल्सवर्थसाहेबांनी १८३१ साली कोश काढला, तेव्हा हे शब्द लोकांच्या हातांत होते. आता ट्रॅक्टर आला. बैल पोसणे परवडत नाही, हे मलाही दिसते. शब्दांसाठी कोणी बैल पाळावेत असे मी म्हणणार नाही. परंतु ओसरीवरच्या त्या मुलांत ज्याच्या दारी अजून बैलजोडी आहे असा एकच आहे, आणि सगळ्यांत जास्त शब्द त्यानेच सांगितले. बाकीच्यांनी आजोबांच्या तोंडून ऐकलेले आठवून आठवून सांगितले. त्यांच्या मुलांना 'आळा' शब्द भेटेल तो मराठीच्या गाइडात: आळा, समानार्थी शब्द, बंधन, नियंत्रण, निर्बंध. आणि तीही विचारतील, अर्थ एकच, तर चार शब्द कशाला?

तेव्हा बैल नसले तरी दोर आहे, सुतळी आहे, घरात म्हातारी माणसे आहेत. मुलांच्या हाती एक हातभर दोरी द्यावी, सुरगाठ आणि निरगाठ मारून, सोडवून दाखवावी. पाच मिनिटांचे काम आहे, आणि इंग्रजीच्या पेपरातही उपयोगी पडेल. माझ्या विद्यार्थ्यांना मी आता यादी पाठ करायला सांगत नाही. काय बांधायचे आहे आणि ते सोडणार कोण, एवढे दोन प्रश्न विचारायला सांगतो. शब्द आपोआप हाती येतो.

आणि यंदा दाराला तोरण बांधाल, ते सुरगाठीने बांधा. उतरवताना दोरा कापावा लागणार नाही. पुढच्या दिवाळीला तोच कामी येईल.