आतडे आखूड पडते तेव्हा

पोटात अचानक असह्य कळा येतात. धावतपळत रुग्णालय गाठले जाते आणि तातडीने शस्त्रक्रिया होते. रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याने आतड्याचा मोठा भाग निकामी झाला होता, तो काढावा लागला, असे डॉक्टर सांगतात. जीव वाचला म्हणून घरचे देवाचे आभार मानतात. पण खरी कसोटी घरी आल्यावर सुरू होते. खाल्लेले अंगी लागत नाही, जुलाब थांबत नाहीत, वजन घटत जाते. तहान इतकी की तांब्याभर पाणी प्यायले तरी घसा कोरडाच!

या अवस्थेला ‘शॉर्ट बाउल सिंड्रोम’ म्हणतात. प्रौढ माणसाचे लहान आतडे साधारण ३ ते ८ मीटर लांब असते. त्यातले २०० सेंटिमीटरपेक्षा कमी उरले, तर अन्न, पाणी आणि क्षार पुरेसे शोषले जात नाहीत. आतड्याला पडलेला पीळ, क्रोन्सचा आजार किंवा अपघात हीदेखील याची कारणे आहेत. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आतडे सडण्याच्या आजारामुळे हे भोगावे लागते.

पाणीच जेव्हा पाणी पळवते

तहानलेल्या माणसाला घरचे प्रेमाने पाणी, शहाळे, फळांचा रस देतात. इथेच चूक होते. लहान आतड्याच्या वरच्या भागात कमी मिठाचे पाणी गेले, की शरीरातले मीठ आतड्यात ओढले जाते आणि त्यामागोमाग पाणीही. म्हणजे जितके साधे पाणी प्यावे, तितके शरीर कोरडे पडते. गोड सरबतेही जुलाब वाढवतात. ज्यांचे मोठे आतडे काढले आहे किंवा लहान आतड्याचे तोंड पोटावर काढले आहे, त्यांना हा धोका सर्वाधिक.

अशा रुग्णांना साखर-मिठाचे पाणी घोट घोट द्यावे. साखरेच्या सोबतीने मीठ शोषले जाते आणि मिठाबरोबर पाणी, हेच जलसंजीवनीचे तत्त्व. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर कॉलऱ्याच्या असंख्य रुग्णांना वाचवले. आखूड आतड्याच्या रुग्णाला मीठ थोडे जास्त लागते. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयाचे मिश्रण असे: १ लिटर पाण्यात २० ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. मात्र रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते देऊ नये.

ताटात काय असावे?

तीन भरपेट जेवणांऐवजी दिवसातून सहा-सात वेळा थोडे थोडे खावे. मऊ भात, अंडी, मासे, पनीर चालते. दूध सोसते का, ते पाहून ठरवावे. जेवताना पाणी कमी प्यावे. खाल्लेल्यापैकी काहीच भाग अंगी लागत असल्याने रुग्णाला पूर्वीपेक्षा जास्त खावे लागते. त्याला ‘पथ्य’ म्हणून उपाशी ठेवणे घातक ठरते. मोठे आतडे शाबूत असेल तर मूतखड्याची भीती असते, म्हणून पालक, बदाम आणि काळा चहा बेताने घ्यावा.

आतड्याचे शेवटचे टोक काढले असेल तर ब-१२ जीवनसत्त्वाची इंजेक्शने बहुधा जन्मभर घ्यावी लागतात. जुलाब आवरणारी औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने जेवणापूर्वी घ्यावीत.

धीर सोडू नये

उरलेले आतडे हळूहळू शिकते. ते थोडे रुंदावते, त्याचे अस्तर जाड होते आणि शोषण सुधारते. या बदलाला साधारण दोन वर्षे लागतात, आणि तोंडावाटे खाणे हेच त्याला मिळणारे उत्तेजन. तोवर काहींना शिरेवाटे पोषण द्यावे लागते. १९६० च्या दशकात फिलाडेल्फियात डॉ. स्टॅन्ली डड्रिक यांनी ही पद्धत यशस्वी करून दाखवली. त्याआधी अशा रुग्णांना फारशी आशा नसे. शिरेत नळी असताना थंडी वाजून ताप आला, तर घरगुती औषधात वेळ न दवडता त्वरित रुग्णालय गाठावे. रक्तात जंतुसंसर्ग झाल्याची ती खूण असू शकते.

घरच्यांनी एक वही ठेवावी. रोजचे वजन, लघवीचे प्रमाण आणि जुलाबांची संख्या तीत लिहावी. लघवी कमी आणि गडद होऊ लागली, चक्कर येऊ लागली, की डॉक्टरांना कळवावे. पुढच्या भेटीत हीच वही डॉक्टरांना सर्वाधिक उपयोगी पडते.